अहवाल तोच, शहर वेगळे

१९६७ साली केनेथ क्लार्क वॉशिंग्टनमध्ये एका चौकशी आयोगासमोर साक्षीला उभे राहिले. क्लार्क हे न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी मेमी यांच्या संशोधनाचा आधार घेतला गेला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील शहरांमागून शहरे पेटली होती आणि हे का घडले, याचा शोध आयोगाला घ्यायचा होता. क्लार्क यांनी सांगितले, की आपण शिकागोच्या १९१९ च्या दंगलीचा अहवाल वाचतो, मग हार्लेमच्या १९३५ च्या दंगलीचा, मग १९४३ चा, मग लॉस एंजेलिसमधील वॉट्सचा, आणि प्रत्येक वेळी आधीचाच अहवाल पुन्हा हाती आल्यासारखे वाटते. कारणे तीच, शिफारशी त्याच, आणि नंतर काहीच न करणेही तेच. आयोगाने ही साक्ष आपल्या अहवालाच्या अखेरीस प्रामाणिकपणे नोंदवली. पुढे त्या अहवालाचेही तेच झाले.

हे पुस्तक या पुनरावृत्तीविषयी आहे. त्यातील प्रत्येक प्रकरण एका अमेरिकन शहराचे असले, तरी माझे म्हणणे एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. अमेरिकन शहरांतील वांशिक अशांततेची कारणे कुणाला ठाऊक नाहीत म्हणून ती टिकून आहेत, असे नाही. शंभर वर्षांपूर्वीच ती लिहून ठेवली गेली आहेत. ती टिकली, कारण ती घराच्या किमतीत, कर्जाच्या अटीत, शाळेच्या हद्दीत आणि पालिकेच्या जमाखर्चात जाऊन बसली. ती तिथून उपटायची तर ज्यांचा संसार त्यांच्यावर उभा आहे त्यांना काहीतरी सोडावे लागते. आयोग नेमताना असे काहीच सोडावे लागत नाही.

शिकागोपासून सुरुवात करायला हवी. २७ जुलै १९१९, रविवार. उकाड्याने हैराण झालेली माणसे मिशिगन सरोवरात पोहायला आलेली. किनाऱ्यावर पाटी नव्हती, तसा कायदाही नव्हता, पण पाण्यातली एक न दिसणारी रेघ सर्वांना पाठ होती. तिच्या एका बाजूला काळ्यांनी पोहायचे, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांनी. यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळता खेळता ती रेघ ओलांडून गेला. एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली आणि मुलगा बुडाला. किनाऱ्यावरच्या पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळी आणि १५ गोरी. पाचशेहून अधिक जखमी झाली आणि सुमारे हजार कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे गेली.

इलिनॉयच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९२२ मध्ये ग्रंथरूपाने आला. चार्ल्स जॉन्सन या तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. त्या किनाऱ्यावरच्या दुपारपुरते न थांबता अहवाल शहराच्या आदल्या दहा वर्षांकडे वळतो. दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरून आणि झुंडबळींच्या भीतीतून निघालेली माणसे रेल्वेने उत्तरेला येत होती. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९२० मध्ये ते १ लाख ९ हजार झाले. कत्तलखान्यांना आणि पोलाद कारखान्यांना हे हात हवे होते. शहराला शेजारी म्हणून ती माणसे नको होती. दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यात त्यांना कोंबले गेले. पट्ट्याबाहेर घर घेणाऱ्यांच्या दारात बॉम्ब फुटू लागले. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात आयोगाने असे ५८ बॉम्बस्फोट मोजले. म्हणजे पाण्यातल्या रेघेआधी दोन वर्षे जमिनीवर तीच रेघ बॉम्बने आखली जात होती, आणि पोलीस तेव्हाही गुन्हेगार शोधत नव्हते. घरांची कोंडी, कामावरील भेदभाव, एकतर्फी पोलीस आणि भडक बातम्या छापणारी वर्तमानपत्रे ही कारणे या अहवालात आहेत. नंतरच्या अहवालांनी त्यांत फारशी भर घातलेली नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली १९३५ ची दंगल एका अफवेतून झाली. दुकानातून चाकू चोरताना पकडलेल्या मुलाला मारून टाकले, अशी ती अफवा होती. मुलगा जिवंत होता. महापौर ला गार्डिया यांनी आयोग नेमला, ई. फ्रँकलिन फ्रेझिअर या समाजशास्त्रज्ञाने संशोधन केले, आणि निष्कर्ष इतके रोखठोक निघाले की महापौरांनी अहवाल दाबून ठेवला. तो अखेर एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राने छापला. एवढ्यावरून पुढच्या शहराकडे जाता येते.

ते शहर डेट्रॉइट. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग डेट्रॉइटला दिला आहे, आणि त्याचे कारण आहे. अमेरिकेत मोटारीने जे काही घडवले ते सगळे इथे दिसते. चांगला पगार, कामगार संघटना, स्वतःचे घर, रुंद रस्ते. आणि या सगळ्यांतून नेमके कोण वगळले गेले, तेही.

१९३३ मध्ये मंदीत बुडालेल्या घरमालकांना वाचवण्यासाठी केंद्र सरकारने एक महामंडळ काढले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी निळी, उतरती पिवळी, धोक्याची लाल. कृष्णवर्णीय राहत असलेली वस्ती जवळपास नेहमीच लाल. हे नकाशे आज फार प्रसिद्ध आहेत, पण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान एकट्या नकाशांनी केले नाही. ते केले १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने. बँकेने दिलेल्या गृहकर्जाची हमी ही संस्था घेई. त्यामुळे हप्ते लांब मुदतीचे झाले, व्याज उतरले, आणि साध्या कामगाराला घर परवडू लागले. मात्र हमी देताना अधिकाऱ्यांनी काय पाहावे याची जी पुस्तिका होती, तिच्यात मिश्र वस्ती हा धोका मानला होता. खरेदीखतातच 'हे घर कृष्णवर्णीयाला विकता अथवा भाड्याने देता येणार नाही' अशा आशयाची अट असणे हा गुण मानला होता. सरकारने भेदभावाकडे डोळेझाक केली एवढेच म्हणून भागत नाही. सरकारने त्याची अट घातली.

डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवर, एट माइल रस्त्याजवळ, याचा पुरावा सिमेंटमध्ये उभा आहे. १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी वसाहत उभारायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्याने सरकारी हमी मिळेना. त्याने दोहोंच्या मध्ये सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली. मग हमी मिळाली.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरेदीखतांतील अशा अटी न्यायालयांमार्फत राबवण्यास मनाई केली. कागदावरची अट लंगडी पडली, तेव्हा रस्त्यावर माणसे उभी राहिली. इतिहासकार थॉमस सगरू यांनी 'द ओरिजिन्स ऑफ द अर्बन क्रायसिस' या १९९६ च्या ग्रंथात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांतील डेट्रॉइटचा हिशेब मांडला आहे. गोऱ्या वस्तीत राहायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर हल्ले, दगडफेक, जाळपोळ, घरापुढे जमाव अशा दोनशेहून अधिक घटना त्यांना सापडल्या. हा हिंसाचार कुणी दंगल म्हणून नोंदवला नाही, त्यावर आयोगही बसला नाही. बाजूच्या डिअरबॉर्न शहरात ऑर्व्हिल हबर्ड १९४२ पासून १९७८ पर्यंत महापौर होते आणि आपले शहर गोरेच राहील हे उघडपणे सांगूनच ते निवडून येत. फोर्डचा अवाढव्य रिव्हर रूज कारखाना डिअरबॉर्नमध्येच. कृष्णवर्णीय कामगाराला तिथे पाळी करता येत होती, घर घेता येत नव्हते.

दुसरीकडे जुनी वस्ती पाडली जात होती. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली हे कृष्णवर्णीयांचे जुने मोहल्ले. हेस्टिंग्ज स्ट्रीट ही त्यांची पेठ. दवाखाने, न्हाव्याची दुकाने, खानावळी, ब्लूज गाणाऱ्यांचे अड्डे, चर्च, सगळे तिथे. आधी 'पुनर्विकास' म्हणून घरे पाडली गेली. मग १९५६ च्या कायद्यानंतर महामार्गांसाठी केंद्राचा पैसा वाहू लागला आणि क्रायस्लर फ्रीवे हेस्टिंग्ज स्ट्रीटवरूनच गेला. बहुतेक माणसे भाडेकरू होती, त्यांच्या हाती भरपाई म्हणून जवळपास काहीच आले नाही. उठवलेली कुटुंबे पश्चिमेकडे ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत शिरली. घरमालकांनी एकेका घराचे तुकडे पाडून खोल्या केल्या. याच सुमारास कारखानेही उपनगरांकडे निघाले, कारण तिथे एकमजली प्रशस्त शेड बांधायला जागा होती आणि जायला तेच नवे महामार्ग होते. १९४७ ते १९६३ या काळात डेट्रॉइटने उत्पादन क्षेत्रातील सुमारे १ लाख ३४ हजार नोकऱ्या गमावल्या. सर्वांत शेवटी कामावर घेतलेला माणूस सर्वांत आधी कमी केला जाई, आणि तो कोण असे ते सांगायला नको. नोकरी उपनगरात गेली; उपनगरात त्याला घर मिळत नव्हते.

२३ जुलै १९६७ च्या पहाटे पोलिसांनी ज्या बेकायदा दारूच्या अड्ड्यावर छापा घातला, तो याच ट्वेल्फ्थ स्ट्रीटवर होता. आत व्हिएतनामवरून परतलेल्या दोन सैनिकांसाठी मेजवानी चालली होती. मूठभर माणसे सापडतील असा अंदाज होता, ८० हून अधिक सापडली. त्यांना गाड्यांत भरून नेण्यात तासभर गेला, तोवर रस्त्यावर गर्दी जमली. पाच दिवसांनंतरचा हिशेब असा: ४३ मृत, त्यांत ३३ कृष्णवर्णीय, सात हजारांहून अधिक अटकेत. शहरात लष्कराच्या हवाई छत्रीधारी पलटणी उतरवाव्या लागल्या होत्या. छापा हे निमित्त होते हे सगळेच म्हणतात. मात्र एवढे म्हणून पोलीस सुटत नाहीत. तेव्हाच्या डेट्रॉइट पोलीस दलात कृष्णवर्णीय सुमारे पाच टक्के होते आणि शहरात तिसरा हिस्सा. चार-चार धिप्पाड पोलिसांच्या गस्ती गाड्या रस्त्यावरच्या तरुणांना अडवून, अपमान करून, मारून जात. घरकर्ज नाकारणारा अधिकारी या तरुणांना कधी दिसत नव्हता. नकाशा रंगवणाराही नाही. त्यांना रोज दिसत होता तो पोलीस. म्हणून बहुतेक दंगली पोलिसांपासून सुरू होतात, आणि म्हणूनच केवळ पोलीस दल सुधारून त्या थांबत नाहीत.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डेट्रॉइट धुमसत असतानाच अकरा जणांचा आयोग नेमला, क्लार्क यांनी ज्याच्यासमोर साक्ष दिली तोच हा. अध्यक्ष इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर, उपाध्यक्ष न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे. सदस्यांमध्ये खासदार, एक उद्योगपती, पोलाद कामगारांचे नेते, अटलांटाचे पोलीस प्रमुख. कृष्णवर्णीय दोनच: सिनेटर एडवर्ड ब्रूक आणि रॉय विल्किन्स. सगळे मध्यममार्गी. जहाल बोलेल असा एकही नव्हता, आणि म्हणूनच त्यांनी जे लिहिले त्याला एवढे मोल आहे. या मंडळींनी शहरे पायी पाहिली. दंगलीमागे कट आहे, बाहेरचे चिथावणीखोर आहेत, असे अनेकांचे ठाम मत होते. खुद्द जॉन्सनही त्या संशयातून मोकळे नव्हते. आयोगाला कटाचा पुरावा मिळाला नाही. दंगलीत उतरलेला नमुन्यादाखल माणूस कोण, हेही त्यांनी तपासले. तो गावाकडून नुकताच आलेला, उडाणटप्पू, अशिक्षित असणार, असा समज होता. प्रत्यक्षात तो त्याच शहरात वाढलेला, पंधरा ते चोवीस वयाचा, आणि दंगलीत न पडलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा अधिकच शिकलेला निघाला. त्याने शाळेत समान नागरिकत्वाचे पाठ गिरवले होते आणि शाळेबाहेर त्याला काय मिळते ते तो पाहत होता.

आयोगाचा निष्कर्ष असा, की देश एक काळा आणि एक गोरा अशा दोन विलग, विषम समाजांकडे चालला आहे. त्याहून धारदार होते ते दुसरे विधान: या कोंडवस्त्या गोऱ्या संस्थांनी निर्माण केल्या, त्यांनीच त्या राखल्या आणि गोऱ्या समाजाने ते चालवून घेतले. एखाद्या सरकारी अहवालाने बहुसंख्याकांना इतक्या सरळ शब्दांत जबाबदार धरल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत. तरीही एक गोष्ट विसरू नये. आयोगाच्याच समाजशास्त्रज्ञांनी तयार केलेला एक मसुदा याहून पुढे जात होता. दंगलीत तरुणांची राजकीय जाणीव आहे, तिला केवळ उद्रेक म्हणता येणार नाही, असे तो म्हणत होता. तो मसुदा बाजूला ठेवला गेला, आणि पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, प्रसिद्ध झाला.

मार्च १९६८ मध्ये अहवाल खिशात मावेल अशा आवृत्तीत बाजारात आला आणि लाखोंनी खपला. लोकांनी तो वाचला. जॉन्सन यांनी मात्र आयोगाच्या सदस्यांना पाठवायच्या आभारपत्रांवर सहीदेखील केली नाही. व्हिएतनामच्या खर्चात घरे, नोकऱ्या आणि शाळा यांसाठी एवढा पैसा आणायचा कुठून, हा त्यांचा प्रश्न खरा होता. शिवाय आपण केलेल्या नागरी हक्कांच्या कायद्यांचे श्रेय अहवालाने दिले नाही, याचे दुःखही होते. महिनाभरात, ४ एप्रिलला, मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरे पेटली. आठवड्याने घरांच्या विक्री-भाड्यातील भेदभावाविरुद्धचा कायदा मंजूर झाला. तो आवश्यक होता, पण त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांच्या हाती दात नव्हते. ते वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, काही प्रमाणात बसवले गेले. १९६८ च्याच जूनमध्ये दुसरा एक कायदा झाला, शहरांतील सुरक्षेचा. त्यातून राज्यांच्या आणि शहरांच्या पोलीस दलांसाठी केंद्राचा पैसा सुरू झाला. आयोगाने मागितले होते घर, काम आणि शिक्षण. ज्या कलमासाठी पैसा सर्वांत सहज निघाला, ते पोलिसांचे होते.

याला अपवाद आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. वॉट्सच्या १९६५ च्या दंगलीत ३४ माणसे मेली. त्यानंतरच्या आयोगाने, या भागात जवळपास धड रुग्णालय नाही, हे नोंदवले. १९७२ मध्ये तिथे किंग यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. अहवाल वाचून कुणी काही केले तर ते होऊ शकते, याचा हा पुरावा. पुढे निधी आणि व्यवस्थापन ढासळत गेले आणि २००७ मध्ये ते बंद झाले. २०१५ मध्ये नव्याने, लहान आकारात, सुरू झाले.

१९७४ चा एक निकाल या पुस्तकात वारंवार येईल. डेट्रॉइटच्या शाळांत तोवर कृष्णवर्णीय मुले बहुसंख्य झाली होती, कारण अनेक गोरी कुटुंबे उपनगरांत गेली होती. शहर आणि उपनगरे मिळून मुलांची सरमिसळ करावी, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना यात ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी भिन्नमतपत्रात बजावले, की आज हा मार्ग सोपा वाटेल, पण महानगरे दोन शहरांत विभागू दिली तर लोकांना त्याचा पश्चात्ताप होईल. अमेरिकेत शाळा मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीवर चालतात हे लक्षात घेतले म्हणजे या निकालाचा अर्थ उलगडतो. घराची किंमत चढली की घरपट्टी चढते आणि शाळा सुधारते. शाळा सुधारली की घराची किंमत पुन्हा चढते. लाल रंगाच्या वस्तीत हाच रहाट उलटा फिरतो. कुणी कुणाचा द्वेष न करताही तो फिरत राहतो. वर्णद्वेषाचा हा प्रकार समजायला सर्वांत कठीण, कारण त्यात आरोपी सापडत नाही.

तीन शहरे आता थोडक्यात. लॉस एंजेलिस, १९९२: रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली होती, तरी ज्यूरीने कुणालाही दोषी ठरवले नाही. साठहून अधिक माणसे मेली. लुटल्या किंवा जाळल्या गेलेल्या दुकानांपैकी दोन हजारांहून अधिक कोरियन स्थलांतरितांची होती. ज्यांनी ती वस्ती घडवली त्या बँका आणि विमा कंपन्या सुखरूप राहिल्या, आणि दहा वर्षे घाम गाळून दुकान उभारलेले कोरियन कुटुंब रस्त्यावर आले. दंगलीची कारणे मांडणे म्हणजे दंगलीचे समर्थन असे ज्यांना वाटते, त्यांनी या पानांवर थांबावे. दंगल न्याय देत नाही. तिच्यात मरतात ती बहुतांशी त्याच वस्तीतली माणसे.

फर्ग्युसन, २०१४. सेंट लुइसभोवती सुमारे नव्वद चिमुकल्या नगरपालिका आहेत. फर्ग्युसन त्यांतली एक, लोकसंख्या तेव्हा २१ हजार, त्यांत ६७ टक्के कृष्णवर्णीय. पोलीस दलातील ५४ जणांत कृष्णवर्णीय चार. मायकल ब्राउन या तरुणाच्या पोलीस गोळीबारातील मृत्यूनंतर केंद्राच्या न्याय विभागाने पालिकेची दप्तरे तपासली. पालिकेचे अधिकारी पोलीस प्रमुखाला दंडाची वसुली वाढवा असे सांगत होते. न्यायालय हे तिजोरी भरण्याचे साधन झाले होते. एका कृष्णवर्णीय स्त्रीने २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी उभी केली. मूळ दंड १५१ डॉलर आणि शुल्क. हप्ते आणि तारखा चुकत गेल्या, दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले. ५५० डॉलर भरून झाल्यावरही २०१४ च्या अखेरीस तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते. घरपट्टीचे उत्पन्न तुटपुंजे असलेली पालिका गरीब नागरिकांच्या खिशातून कशी चालते, हे एवढ्या एका उदाहरणात कळते.

बाल्टिमोर, २०१५ ची दंगल. वस्तीगणिक वर्णविभाजन कायद्याने लादणारे अमेरिकेतले पहिले शहर हेच, १९१० मध्ये. असे कायदे १९१७ मध्ये रद्द झाले. पण ज्या भागांना पूर्वी कर्ज मिळतच नव्हते, त्याच भागांत २००८ च्या आधी महागडी, फसवी गृहकर्जे ओतली गेली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांना चढ्या दराच्या कर्जांकडे वळवल्याच्या आरोपांवरून कंट्रीवाइडने २०११ मध्ये ३३.५ कोटी आणि वेल्स फार्गोने २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. घरे तोवर लिलावात गेली होती. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर भरली. आईबापांच्या घराची किंमत मुलांच्या शिक्षणात उतरते. १९४१ मध्ये नाकारलेली हमी आजच्या नातवंडांच्या खात्यावर अशी दिसते.

हे सगळे मराठीत कशासाठी, असे कुणी विचारील. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमच्या शेजारी, १९१३ ते १९१६ या वर्षांत, म्हणजे दक्षिणेतून माणसांचा लोंढा उत्तरेकडे निघत होता नेमक्या त्याच काळात. आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जात आणि वर्ण एकच आहेत असे मी म्हणत नाही. पुस्तकात कुठेही तशी सरळ बरोबरी केलेली नाही. पण आपल्या विचारपरंपरेने या प्रश्नाकडे दीडशे वर्षे पाहिले आहे, आणि हा धागा आपण तोडू नये.

दुसरे कारण आजचे आहे. डेट्रॉइटभोवतीच्या ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत आज मराठी कुटुंबे राहतात, गणपती बसवतात, मुलांना उत्तम सरकारी शाळांत घालतात. त्यांनी कष्टाने मिळवलेल्या या आयुष्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्यांच्यासाठी अमेरिकेचे दार उघडणारा १९६५ चा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या हवेतच मंजूर झाला, आणि ती चळवळ कृष्णवर्णीयांनी रक्त सांडून चालवली. ज्या शाळेच्या हद्दीसाठी घर घेतले, ती हद्द १९७४ च्या निकालाने सुरक्षित ठेवली. हा इतिहास तिथल्या मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. शेजारचे शहर पेटते तेव्हा 'ही माणसे अशीच' हे वाक्य आपल्याही घरांत सहज बोलले जाते. मी ते ऐकले आहे, आणि हे पुस्तक लिहिण्यामागे ते ऐकणे आहे.

वाचकांना दोन विनंत्या. प्रत्येक प्रकरणात आगीची रात्र शेवटी येते. त्याआधीची घरांची, कर्जांची आणि शाळांची पाने रूक्ष वाटली तरी वगळू नका, कारण सगळे तिथेच घडले आहे. आणि प्रकरणाच्या अखेरीस त्या त्या आयोगाच्या मुख्य शिफारशी देऊन, त्यांपुढे अंमलबजावणी झाली की नाही एवढेच लिहिले आहे. कर्नर आयोगाचे अखेरचे हयात सदस्य, ओक्लाहोमाचे माजी सिनेटर फ्रेड हॅरिस, २०२४ च्या नोव्हेंबरात ९४ व्या वर्षी वारले. त्या शिफारशी अमलात आणा, असे ते पन्नासहून अधिक वर्षे सांगत राहिले. ती यादी आधी वाचा, आणि मगच पुढच्या दंगलीच्या बातमीवर मत बनवा.